शेषगिरी स्वामींचा गोटा

“उठला! उठला!” असा ओरडा झाला आणि मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून माना लांब करून पाहू लागली. खंडोजीरावांनी गोटा छातीशी धरला होता. दीड वर्षं ज्या माणसाला पाण्याची कळशी उचलवत नव्हती, तो तीस किलोचा काळाकुळकुळीत दगड कवटाळून पाचशे लोकांपुढे ताठ उभा होता. त्यांची बायको गोजराबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. कुणी शंख फुंकला, कुणी नारळ फोडला. शेषगिरी स्वामी मात्र डोळे अर्धवट मिटून उभे होते. असले चमत्कार न्याहारीच्या आधी चार-दोन होतातच, असा त्यांचा चेहरा होता.

साल १९६३. बसवनगुडीतली शेंगांची जत्रा उठून आठवडा होत आला होता आणि रस्त्यात टरफलांचा खच तसाच पडला होता. जत्रेबरोबर आलेले स्वामी मात्र उठले नव्हते. एका मोकळ्या आवारात चिंचेखाली त्यांचा मांडव पडला होता आणि कंबर धरून चालणारं अर्धं बेंगळूर तिथे लोटत होतं.

स्वामींची पद्धत अशी. मधोमध गोटा, तालमीत असतो तसा, गोल आणि गुळगुळीत. भोवती रांगोळीचं रिंगण, गोट्यापासून चांगलं अडीच वितीवर. रोग्यानं रिंगणाबाहेर उभं राहायचं, रेषेवर पाय न ठेवता वाकायचं आणि गोटा उचलायचा. त्याला तो उचलवत नसे. रोगी “अय्यो” म्हणून कंबर धरून बसे. शिवाप्पा नावाचा स्वामींचा चेला मग गर्दीतल्या एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाला बोलावी. त्याच्याही हातून गोटा नुसता डुगडुगे. “पाप आहे पाप,” असं शिवाप्पा समजुतीनं सांगे आणि तो बिचारा मान खाली घालून परत जाई. त्यानंतर स्वामी बोलायला लागत. बोलणं कन्नडमध्ये असे, अधूनमधून संस्कृतची फोडणी. मी मराठीत देतो.

“पृथ्वी कुणाच्या डोक्यावर? शेषाच्या! तुझा देह कशावर? कण्यावर! मग कणा म्हणजे कोण रे? शेषच की! तुझा शेष कुशीवर वळलाय आणि तू त्याला तेल चोळतोस? सापाला कुणी तेल चोळतं?”

लोक हसत. हसलेला माणूस अर्धा पटलेला असतो. मग स्वामी रोग्याला पालथा पाडत, त्याच्या कमरेवर पायाचा अंगठा टेकवत आणि “आयतु, आयतु,” म्हणजे झालं झालं, असं म्हणत त्याच पायानं रांगोळी फिसकटून टाकत. “कुंपण गेलं! आता आत ये. देवाला लांबून उचलू नये. गुडघे वाकव, पोटच्या पोरासारखा कवटाळ त्याला. ऊठ!” आणि माणूस उठे, गोट्यासकट.

शेवटी एक ताकीद असे. जो या कृपेवर शंका घेईल, त्याच्या कुळातलं पुढचं मूल वाकड्या कण्याचं जन्मेल.

मी गर्दीत हाताची घडी घालून उभा होतो. मी देव मानत नाही ही गोष्ट गोजराबाई शेजारणींना सांगत, ती घरात मांजर पाळलंय असं सांगावं तशा सुरात. मी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. नाव पद्माकर, गाव पुणे, नोकरी गावाबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात. माझं खातं वर्क स्टडीचं. म्हणजे दुसरा राबत असताना आपण स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि त्यानं किती सेकंद फुकट घालवले ते लिहायचं. एवढं निरीक्षण पोटापाण्यासाठी करणारा मी, पण त्या रविवारी मला काहीएक उमगलं नाही. मनात स्वामींना चार शिव्या घातल्या आणि घरी आलो. शिव्या घालणं म्हणजे विचार करणं, असा तेव्हा माझा समज होता.

खंडोजीराव त्याच कारखान्याच्या फाउंड्रीत होते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. काम एकच. मोठ्या लोखंडी पेटीतून तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचं जड धूड, उचलायचं आणि गाडीवर ठेवायचं. एका पाळीला एकशे वीस कास्टिंगं. हा एकशे वीसचा आकडा माझाच, माझ्या स्टॉपवॉचनं ठरवलेला. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ते वाकले ते सरळ झालेच नाहीत. तीन आठवडे पडून राहिले, परत गेले, पुन्हा पडले. एक्स-रे काढला, त्यात काही दिसेना. लेबर ऑफिसर उमाकांतसाहेब म्हणाले, “पाठदुखी हे कामचुकारांचं लाडकं दुखणं. दिसत नाही, मोजता येत नाही.” खरं सांगायचं तर तेव्हा मीही मनातल्या मनात मान डोलावली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टर हेमलताबाईंना मात्र तसं वाटत नव्हतं. त्यांनी खंडोजीरावांना स्टोअरमध्ये हलकं काम द्यावं म्हणून लिहिलं होतं आणि त्यावर बुधवारी तिघांचा बोर्ड बसणार होता. लेबर ऑफिसर, मोठे डॉक्टर आणि हेमलताबाई. बोर्डानं हलकं काम दिलं तर नोकरी राहणार. धडधाकट ठरवलं तर पुन्हा पेटी. ती जमली नाही तर कामचुकार म्हणून घरी. गाडी हलक्या कामाकडे झुकत होती, आणि मध्येच हा रविवार आला.

बोर्ड होईपर्यंत खंडोजीरावांना फाउंड्रीत नुसती हजेरी लावावी लागे. सोमवारी सकाळी उमाकांतसाहेब स्वतः तिथे आले. रविवारी तेही मांडवात होते, सपत्नीक, पहिल्या रांगेत.

“अभिनंदन, खंडोजीराव! अहो, मी या डोळ्यांनी पाहिलं. आता बोर्ड म्हणजे नुसती सही. तुमच्या मंडळींनाही आणा बुधवारी, साक्षीला. आणि पेटीवर गुरुवारपासून या!”

खंडोजीरावांनी हात जोडले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. साहेबांना तो भक्तिभाव वाटला.

संध्याकाळी गोजराबाई स्वामींना फळं द्यायला गेल्या होत्या. मी सहज आत डोकावलो तर खंडोजीराव जमिनीवर उताणे पडले होते. पाय पाटावर, डोळे छताकडे.

“दार लावा, अण्णा,” ते हळूच म्हणाले. “स्वल्प बोलायचंय.”

मी दार लावलं.

“गेलं नाही दुखणं. जास्तच झालंय. काल गोटा धरला तेव्हा इथून टाचेपर्यंत आग गेली. डोळ्यांपुढे अंधारी आली की हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलू? गोजरा समोर रडते. पाचशे माणसं ओरडतात. स्वामी विचारतात, ‘हलकं वाटतं ना?’ त्या वेळी नाही म्हणायला केवढी छाती पाहिजे! नाही म्हटलं तर पाप माझं. इतके बरे झाले, मीच एकटा पापी?”

“आता सांगा. बोर्डापुढे सांगा.”

“सरी, बरं, सांगतो. मग साहेब म्हणतील, रविवारी खोटं की बुधवारी खोटं? दीड वर्ष ढोंग केलंस तसं हेपण ढोंग. आणि गोजरा?” त्यांनी दाराकडे पाहिलं. “सूनबाई मथुरा पोटुशी आहे, अण्णा. आठवा महिना. शाप ऐकलात न्हवं? मी तोंड उघडलं आणि उद्या पोराला काही झालं तर गोजरा मला माफ करेल? मी मला करेन?”

मी म्हणालो की शाप वगैरे सगळं थोतांड आहे. 

“तुम्हाला ते सोपं आहे,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं.

बरं झालो म्हणावं तर पेटी, नाही म्हणावं तर खोटारडा, आणि गप्प राहावं तरी गुरुवार येणारच. चारी बाजूंनी बंद. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस स्वामींच्या चमत्कारात अडकलाय तसाच आपल्यासारख्यांच्या शंकेतही अडकलाय. दीड वर्षं आम्ही त्याच्या खऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवला नाही आणि एका रविवारच्या खोट्या बरेपणावर ताबडतोब ठेवला. मला माझीच लाज वाटली.

मंगळवारी मी रजा टाकली. स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि कामाचे छापील तक्ते घेऊन सकाळीच मांडवात जाऊन बसलो. ठरवलं, स्वामींचं बोलणं ऐकायचं नाही. यंत्रावरचा कामगार पाहतो तसं फक्त पाहायचं. पाय कुठे, हात कुठे, किती वेळ. पहिला रोगी, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या वेळी मी तक्ता वर-खाली पाहिला आणि माझा हात थांबला. उपचाराआधी पाय गोट्यापासून अडीच विती दूर. उपचारानंतर गोटा दोन पायांच्या मध्ये. सगळ्यांचंच. अंगठ्याची कृपा मध्ये नसती तरी दुसऱ्या खेपेला गोटा उठलाच असता!

मी उठून उभा राहिलो. “स्वामी, एकदा रांगोळी आधी पुसू या का? पाय नंतर लावा.”

 स्वामींनी एकच डोळा उघडला. “हा कोण?”

“वर्क स्टडी,” मी म्हणालो. घाबरल्यावर माणूस आपला हुद्दा सांगतो.

शिवाप्पानं मला दंडाला धरून टरफलांपर्यंत पोचवलं. पण बाहेर पडता पडता एक गोष्ट डोक्यात शिरली. आमच्या फाउंड्रीतली पेटी! तिच्या कडा मांडीइतक्या उंच. आत पाय ठेवता येत नाही. कडेबाहेर उभं राहून, वाकून, हात लांब करून कास्टिंग उचलावं लागतं. स्वामी रोग्याकडून तसा गोटा एकदा उचलवून बघत होते. मी खंडोजीरावांकडून दिवसाला एकशे वीस वेळा तेच करवत होतो, आणि माझ्या तक्त्यात सेकंदांचा रकाना होता, अंतराचा नव्हताच.

हेमलताबाईंनी दवाखान्यात माझा तक्ता दोनदा वाचला. मग कोपऱ्यातली भरलेली बादली दाखवली.

“ती उचला. पोटाशी धरा. जमतंय? आता हात लांब करा.”

हात लांब करताच माझ्या कमरेला ओढ बसली आणि पाणी पायांवर सांडलं.

“पाणी तेवढंच आहे ना? वजन तेच. पण अंगापासून जितकं लांब, तितका कमरेला त्याचा भार कितीतरी पट. निरोगी माणसालाही रिंगणाबाहेरून तो गोटा उचलवणार नाही. जवळ घेतला की दुखऱ्या पाठीचा माणूसही दात-ओठ खाऊन एकदा उचलेल.”

“मग ज्यांना खरंच बरं वाटतं ते?”

“पाठदुखी चढते, उतरते. माणूस स्वामींकडे जातो तेव्हा ती सगळ्यात चढलेली असते. पुढे ती उतरणारच होती. ती ज्याच्या दारात उतरते, श्रेय त्याला.” त्यांनी तक्ता परत माझ्या हातात दिला. “पण आपलाही बोर्ड काय वेगळं करतो? वाकून दाखव, उचलून दाखव, जमलं की धडधाकट! एकदा उचलणं म्हणजे आठ तास काम करणं नव्हे. हे कुणी विचारतच नाही.”

बुधवारी दहाला बोर्ड दवाखान्याच्या मोठ्या खोलीत बसला. खंडोजीराव भिंतीला टेकून उभे. गोजराबाई जरीकाठी लुगडं नेसून आल्या होत्या, चेहरा दगडासारखा. खिडकीबाहेर फाउंड्रीतली दहा-बारा माणसं जमली होती. उमाकांतसाहेब खुशीत होते.

“लवकर आटपू या. मी स्वतः साक्षीदार आहे.”

“आधी एक लहानसा प्रयोग,” हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी पेटीतलं एक कास्टिंग आणवलं होतं, वजन जवळजवळ गोट्याएवढंच. त्याभोवती खडूनं रिंगण आखलं. “साहेब, रेषेबाहेर उभं राहून एवढं उचला.”

“मी? माझी पाठ उत्तम आहे.”

“म्हणूनच तुम्ही.”

साहेबांनी कोट काढला, वाकले, हात लांब केले. कास्टिंग ढिम्म. पुन्हा जोर केला, कानशिलं लाल झाली. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, “पाप, साहेब, पाप!” आणि बाहेर हशा पिकला.

बाईंनी बुटानं रिंगण पुसलं. “आता जवळ या. गुडघे वाकवा. छातीशी धरा.”

कास्टिंग उठलं. साहेब ते कवटाळून तसेच उभे राहिले. खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नाही.

“मी मंत्र म्हटला नाही, पाय लावला नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त अंतर कमी केलं.”

“म्हणजे तुम्ही देवाला खोटं म्हणता?”

“देवाचं मी काहीच बोलले नाही. अडीच वितींचं बोलले. ठेवा ते खाली, नाहीतर तुमच्यासाठी बोर्ड बसवावा लागेल.” मग त्या वळल्या. “खंडोजीराव, तुम्ही काही उचलायचं नाही. फक्त सांगा, दुखणं गेलं का?”

खंडोजीरावांनी गोजराबाईंकडे पाहिलं.  मला वाटलं, संपलं. आता हे “गेलं” म्हणणार आणि उद्यापासून पेटीवर जाणार.

बाईंनी त्यांना तिथेच सोडलं आणि प्रश्न फिरवला. “गोजराअक्का, तुम्ही सांगा. चमत्काराचं नको. घरातलं सांगा. हे बसून जेवतात का?”

“नाही. उभ्यानं जेवतात.” आवाज कसाबसा आला.

“रविवारनंतरही?”

“हो.”

“कूस बदलताना?”

“मी वळवते.”

“आणि हे कारखान्याचे जाड बूट, आज सकाळी हे कुणी घातले?”

गोजराबाईंनी डोळे मिटले. पदराचं टोक मुठीत आवळलं. मथुरेचं पोट त्यांच्या डोळ्यांपुढे उभं असणार, ते मला दिसत होतं. 

“मी घातले,” त्या म्हणाल्या. “सोमवारी मी, काल मी, आज मी. हे वाकू शकत नाहीत, डॉक्टरअक्का. मला रविवारी रात्रीच कळलं. झोपेत कण्हत होते. पण हे बोलत नाहीत म्हणून मी बोलले नाही. मी बोलले तर शाप लागेल म्हणून… आणि ते माझ्यासाठी गप्प! तीन दिवस दोघं एकमेकांपुढे नाटक करतो की हो!” आणि त्या खाली बसून हमसाहमशी रडू लागल्या. खंडोजीरावांनी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाकता येत नव्हतं, त्यामुळे हात जेमतेम पोचला.

“नाही गेलं, बाई,” ते बोर्डाला म्हणाले. “काही गेलं नाही.”

 मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला, कागद पुढे ओढला आणि विचारायला लागले. सलग किती वेळ उभं राहवतं? बसवतं किती? बसमधून उतरताना काय होतं? सकाळी जास्त की संध्याकाळी? दीड वर्षात हे प्रश्न पहिल्यांदा विचारले जात होते. निकाल लिहिला गेला तो असा: स्टोअरमध्ये काम, वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसणं नाही, पाच किलोच्या वर उचलणं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. उमाकांतसाहेबांनीही सही केली. हात दुखत असल्यामुळे ती जरा वाकडी आली.

गुरुवारी पाळी सुटल्यावर खिडकीतली तीच माणसं बसवनगुडीत गेली. मांडवासमोर रस्त्यावरच त्यांनी खडूची रिंगणं आखली, मध्ये दगड ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावू लागली. “या, आधी पापी व्हा! आता पुण्यवान व्हा!” भाजीवाल्या, शाळामास्तर, टांगेवाले, सगळ्यांनी उचलून पाहिलं. स्वामी आतून ओरडत होते, पण बाहेरच्या हशात ते कुणाला ऐकू जाईना. शुक्रवारी मांडव उतरला होता. गोटा तेवढा मागे राहिला, तो चिंचेखालच्या धोब्याला कामी आला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पेटीची पुढची बाजू कापून घ्यायला मला साडेतीन महिने कागद पाठवावे लागले, आणि तेवढ्यात आणखी एकाची पाठ गेली. मथुरेला पौषात मुलगी झाली, धडधाकट, पण तोपर्यंत गोजराबाई एक रात्र नीट झोपल्या नाहीत. भीती घालायला एक वाक्य पुरतं. ती काढायला महिने लागतात आणि त्याचा जाब स्वामींना कुणीही विचारत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला की करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका, माणसाचे पाय कुठे आहेत ते पाहा. बरा झालेल्याला गर्दीत विचारू नका, तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारा. आणि आपल्यासारख्या शहाण्यांनी एक जास्त करावं. न दिसणारं दुखणं खोटं असतं, ही आपली स्वतःची अंधश्रद्धा आधी सोडावी. खंडोजीरावांना स्वामींनी एका रविवारी फसवलं. त्याआधी दीड वर्षं त्यांच्यावर विश्वास न ठेवून त्यांना स्वामींच्या दारात कुणी नेऊन उभं केलं, तर आम्हीच.